कारभारी कुटे यांना लाल पट्टी येत नाही

कारभारी भिमाजी कुटे यांच्याविषयी मला पहिल्यांदा संशय आला तो त्यांनी काही केलं म्हणून नव्हे. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही म्हणून आला.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी विजेच्या मोटारींचे स्टार्टर बनवते. तिथे मी अंतर्गत तपासणी विभागात आहे. बी.कॉम. होऊन लागलो तो इथेच, आणि आता निवृत्तीही इथूनच होईल. कुटे स्टोअरमध्ये कारकून होते. सायखेड्याचे राहणारे. घरची भाजीपाल्याची शेती, दहावीपर्यंत शिक्षण. १९८२ साली ते कंपनीत गाडीतला माल उतरवायला म्हणून आले. आठ वर्षांनी स्टोअरच्या तेव्हाच्या प्रमुखांच्या लक्षात आलं की कोणत्या रॅकला कोणता माल किती आहे हे कार्डावर पाहण्यापेक्षा या माणसाला विचारलेलं बरं, आणि त्यांना टेबल मिळालं. रोज सकाळी सायखेड्याहून सहाची एसटी, नाशिकला उतरून अंबडची सिटी बस, आणि साडेआठला कानामागे पेन्सिल खोचून ते आपल्या जागेवर. वीस वर्षांत त्यांना उशिराचा शेरा एकदाही मिळाला नाही. हे मी त्यांचं हजेरीपत्रक पाहून सांगतो आहे. ते पाहण्याची वेळ माझ्यावर आली, म्हणून तर ही हकीकत.

२००२ च्या दसऱ्याला कंपनीत नवी संगणक प्रणाली सुरू झाली. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री असं सगळं एकाच ठिकाणी. सर्व्हरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. प्रत्येकाला आत शिरण्यासाठी एक नाव आणि पासवर्ड मिळाला, आणि त्या नावाला ठरावीक कामांचे अधिकार. अधिकार नसलेल्या कामाला हात लावला की पडद्याच्या तळाशी लाल रंगाची एक ओळ उमटायची: तुम्हाला या कामाचा अधिकार नाही. ओळ इंग्रजीत असायची, पण दोन दिवसांत सगळ्या कंपनीनं तिचं नाव 'लाल पट्टी' ठेवून टाकलं.

लाल पट्टी आली की काय करायचं, याची पद्धत मी आणि संगणक विभागाच्या मंजुषा गायधनी मॅडम यांनी मिळून ठरवली होती. पट्टी दिसली की दुसरं काहीही न दाबता तपासणीचा एक कोड टाकायचा. नेमका कोणता अधिकार कमी पडला, ते सिस्टीम दाखवते. त्याची छापील प्रत काढून फॉर्मला जोडायची. त्यावर खातेप्रमुखाची सही, मग माझी सही, आणि त्यानंतर मॅडम अधिकार देणार. मी नाकारला तर लाल शाईत कारण लिहून फॉर्म परत. कागदाशिवाय कुणालाही काही मिळणार नाही, हा नियम माझाच.

पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडे दोनशे बारा फॉर्म आले. खरेदीतल्या एकाला ऑर्डर तयार करता यायची, पण छापता येत नव्हती. उत्पादनातल्या एका सुपरवायझरला स्वतःच्याच विभागाचा साठा दिसेना, शेजारच्या विभागाचा मात्र दिसे. विक्रीप्रमुखांना त्यांच्याच खात्यातल्या माणसाची रजा मंजूर करता येईना, तेव्हा त्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. स्टोअरमध्ये तीन माणसं. त्यांतल्या दोघांचे मिळून एकोणीस फॉर्म. कुटेंचा एकही नाही.

सिस्टीम सगळ्यांना अडवते आणि एकालाच अडवत नाही, याचा अर्थ काय? मी वहीत त्यांच्या नावाचं पान उघडलं.

मग लक्ष ठेवू लागलो. कुटे दोन बोटांनी टाइप करत, पण थांबत नसत. काम झालं की कीबोर्डवर डब्याचा फडका पसरून ठेवत. स्टोअरमधली दुसरी माणसं अडली की त्यांच्याकडे वळत. "कारभारी, जरा हे उघडून द्या ना, मला पट्टी येते." आणि ते उघडून देत. इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना दिसत होत्या. एका शनिवारी मंजुषा मॅडमच्या टेबलावर मेथीच्या चार जुड्या दिसल्या. कुणी दिल्या विचारलं, तर म्हणाल्या, "कुटेकाकांनी. घरच्या आहेत." मी तारीख लिहून ठेवली. त्याच दिवशी मलाही दोन जुड्या मिळाल्या होत्या. त्या मी वहीत लिहिल्या नाहीत.

जानेवारीत गुजरातेतल्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. आमचे स्टार्टर बसवून महिना व्हायच्या आत त्यांतले वीजप्रवाह जोडणारे तांब्याचे कॉन्टॅक्ट काळे पडून चिकटायला लागले. एक मोटर जळाली. सगळा माल परत. कॉन्टॅक्टवरचा चांदीचा मुलामा पातळ निघाला. सिन्नरच्या एका छोट्या कारखान्यातून आम्ही ते कॉन्टॅक्ट घेत असू. आलेला माल आमच्या गुणवत्ता विभागानं तपासल्याशिवाय वापरायचा नाही, असा नियम आहे. तोवर सिस्टीममध्ये तो माल अडवलेला असतो, आणि गुणवत्ता अधिकाऱ्यानं रिलीज केल्यावरच मोकळा होतो.

गुणवत्ता अधिकारी ललित बोरस्ते हा तिशीतला मुलगा. तो शपथेवर सांगत होता की त्यानं हा माल रिलीज केलेलाच नाही. नमुने अजून त्याच्या टेबलावर पडून आहेत. मंजुषा मॅडमनी सिस्टीममध्ये पाहिलं. रिलीज करणाऱ्याचं नाव तिथे होतं: कारभारी.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे व्यवस्थापक खैरनार साहेब यांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. साहेब, ललित, मी आणि समोर उभे कुटे. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

"रिलीज तुम्ही केलं?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. मीच केलं."

"कुणी सांगितलं करायला?"

"सांगायचं काय त्यात? रोजच करतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "लिहून घ्या. रोज करतात म्हणे."

ललितला राहवलं नाही. "काका, माझे नमुने टेबलावर असताना तुम्ही माल सोडलाच कसा?"

"माल?" कुटे म्हणाले. "माल कुठं सोडला मी? माल तर रॅकला लावला."

"शब्दांचे खेळ नकोत, कुटे," साहेब म्हणाले. "सिन्नरच्या त्या कारखान्यात तुमचं कोण आहे?"

"गोटीराम हाय. मेव्हणा माझा. मुलाम्याच्या टाकीवर असतो."

"आणि हे आजवर सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलंच नाय, साहेब."

मी लिहीत होतो. आयुष्यभर मी अशीच माणसं पाहिली होती, जी इतक्या सहज कबूल करतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या पोटात काही नाही. साळसूदपणाचा मला नेहमीच जास्त संशय येतो. कुटेंनी मेव्हणा लपवला नाही, म्हणजे दुसरं काहीतरी लपवलं असणार, असं मी त्या दिवशी धरून चाललो.

कुटेंना चौकशी होईपर्यंत निलंबित केलं. पुढे काय, हे साहेबांनी स्पष्ट सांगितलं. आरोप सिद्ध झाला तर बडतर्फी. कारण एकच लिहिलं जाणार होतं: नात्यातल्या माणसाचा खराब माल संगनमतानं पास केला. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला माणूस असं कारण घेऊन सायखेड्याला परत जाणार होता. अहवाल मला पंधरा दिवसांत द्यायचा होता.

प्रश्न दोन होते. कुटेंच्या नावाला हा अधिकार दिला कुणी, आणि त्यांनी तो कशासाठी वापरला?

पहिल्या प्रश्नासाठी मी मंजुषा मॅडमकडे गेलो. त्या तयारीतच होत्या.

"सर, तुम्ही वहीत मेथी लिहिली आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही वही उघडी ठेवून जेवायला जाता. मेथी तुम्हालाही दिली होती त्यांनी. पगारवाटपातल्या कुसुमताईंनाही. वॉचमनलाही. त्या आठवड्यात मेथीला भाव नव्हता."

"अधिकार कुणी दिला ते सांगा."

"मी नाही दिला. सिस्टीम सुरू झाली त्या दिवसापासून आहे." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हैदराबादहून आलेले सल्लागार श्रीनिवास यांनी यादी केली, त्यांनीच सही केली, मी जशीच्या तशी चढवली. या नावाला स्टोअरचे सगळे अधिकार आहेत. बघणं, बदलणं, रिलीज करणं, सगळं."

"आणि तुम्हाला हे खटकलं नाही?"

"खटकलं. पण कागदाशिवाय मी अक्षरही बदलत नाही. नियम तुमचा आहे, सर."

श्रीनिवास नोव्हेंबरातच दुसऱ्या कामावर निघून गेले होते. चार दिवसांनी त्यांचा फोन लागला. त्यांना नाव आठवेना. एवढंच म्हणाले की यादीतली शंकेची प्रत्येक जागा मी तुमच्याच माणसांना विचारून पक्की केली होती, मनाचं काही घातलं नाही.

तुमच्याच माणसांना! म्हणजे आतला कुणीतरी माणूस होता. कुटेंसाठी कुणीतरी शब्द टाकला होता. स्टोअरचे प्रमुख, संगणक विभाग, खरेदी, अशी नावं मी वहीत एकाखाली एक लिहिली आणि एकेकाला भेटत गेलो. प्रत्येकजण नाही म्हणाला. प्रत्येकाचं नाही म्हणणं मला थोडं लवकर आलेलं वाटलं.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी कुटेंच्या नावावरची सगळी रिलीज काढली. तीन महिन्यांत एकसष्ट. ललितला विचारलं, की एकसष्ट वेळा माल आधीच सुटलेला होता, तुला कळलं कसं नाही? तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, दुसऱ्या पाळीतल्या सहकाऱ्यानं केलं असेल. त्याला वाटलं, मी केलं असेल." तपासणी त्यांनी केली होती, फक्त माल आधी सुटे आणि तपासणी मागून व्हायची. साठ वेळा माल चांगला होता म्हणून निभावलं. उरलेल्या एका वेळी तपासणी व्हायच्या आत जोडणीवाल्यांनी माल उचलला.

एकसष्ट वेळा माल एकट्या सिन्नरचा नव्हता. चौदा पुरवठादार होते. संगनमत असेल तर चौदांशी कसं? मग मी गेटचं रजिस्टर मागवलं आणि रिलीजच्या वेळा गाड्या बाहेर पडण्याच्या वेळांशी ताडून पाहिल्या. प्रत्येक रिलीज गाडी बाहेर पडण्याच्या आधी पाच-दहा मिनिटांत झालं होतं. एकही अपवाद नाही. याचाही मी आधी वाईटच अर्थ लावला: ड्रायव्हर इशारा देत असणार.

रविवारी स्कूटर काढली आणि चांदोरीवरून पूल ओलांडून सायखेड्याला गेलो. निमित्त जबाबाच्या प्रतीवर सही घेण्याचं. खरा उद्देश घर बघण्याचा होता. तीन महिन्यांत घरात काही नवीन आलं का, हे मला पाहायचं होतं.

घर वस्तीवर, मळ्यातच. ओट्यावर कुटेंच्या पत्नी सुलाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. सोमवारच्या बाजारासाठी. नवीन म्हणावं असं मला काही दिसलं नाही. कुटे विहिरीकडून आले. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, "या साहेब, बसा. खाटेवर बसा, खाली चिखल लागंल."

मी जबाब पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पेन हातात धरून ठेवलं.

"साहेब, ह्यात लिवलंय, माल रिलीज केला. मी म्हनलं व्हतं, गाडी रिलीज केली."

"गाडी?"

"मंग! माल उतरला, मोजला, रॅकला लागला, की गाडी रिलीज करायची. बारा वर्सं करतोय. आधी गेटपासवर शिक्का मारायचो, रिलीज म्हनून. शिक्का नसला तर वॉचमन सोडीत नाय, आन् ड्रायव्हर माझ्या आईबापाचा उद्धार करतो. आता शिक्का गेला, कॉम्पुटर आला. तिथं खाली रिलीजचं बटन हाय. म्हनलं, शिक्का आता ह्योच."

"पण ते बटन दुसऱ्यांना चालत नव्हतं. त्यांना पट्टी यायची."

"त्यांना येत आसंल. मला कदी आलीच नाय. मला वाटलं, गाड्या मी सोडतो म्हनून बटन मलाच दिलंय."

आमच्या स्टोअरमध्ये गाडीला रिलीज म्हणतात, हे मला ठाऊक होतं. गेटवरून जाताना हजार वेळा ऐकलं होतं, "कारभारी, गाडी रिलीज करा, उन्हं चढली." पण ऐकलेला शब्द आणि सिस्टीमच्या यादीतला शब्द एकच असू शकतो, हे ध्यानात आलं नव्हतं. गेटच्या रजिस्टरातल्या वेळा आता वेगळ्याच दिसू लागल्या. तरी पहिला प्रश्न उरलाच होता. बटन त्यांना का चाललं?

सुलाबाईंनी चहा आणला. एक कप मला दिला, दुसरा पुढे करत म्हणाल्या, "घ्या मालक."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुम्ही यांना मालक म्हणता?"

"मंग काय म्हनू?" त्या हसल्या. "आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नायत. समद्या बाया आपापल्या नवऱ्याला कारभारी म्हनत्यात. घरचा कारभार बघतो म्हनून. माझं नशीब बघा. सासूबाईंनी नावच त्ये ठिवलं. मला कारभारी म्हनायची सुदिक सोय नाय. म्हनलं तर नाव घेतल्यासारखं व्हतंय."

"म्हन की, कोण अडवतंय," कुटे म्हणाले.

"आता चाळीस वर्सांनी? लोकं हसतील."

कप माझ्या हातातच राहिला. दसऱ्याच्या आधीचं कॅन्टीन डोळ्यांपुढे आलं. श्रीनिवास आमच्याच टेबलाला जेवत. त्यांना मराठी येत नव्हती आणि शिकायची भारी हौस. उसळ म्हणजे काय, भाकरी कशाची, पोरगा आणि मुलगा यांत फरक काय, असं रोज काहीतरी विचारत. एके दिवशी जेवता जेवता त्यांनी विचारलं होतं, कारभारी म्हणजे काय? मी घास गिळून म्हटलं होतं, ॲडमिनिस्ट्रेटर. सगळा कारभार ज्याच्या हातात असतो तो. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, शंभर टक्के. नेमका इंग्रजी शब्द चटकन आठवला याचा मला तेव्हा आनंदही झाला होता.

सही न घेताच मी उठलो. सुलाबाई म्हणाल्या, "चहा तरी सपवा." मी तो उभ्यानं संपवला.

सोमवारी मंजुषा मॅडमकडून श्रीनिवास यांच्या कच्च्या कागदांची पेटी मागवली. आम्ही आजवर सह्या केलेली पक्की यादीच पाहत होतो. कच्चा कागद कुणी उघडला नव्हता. स्टोअरच्या प्रमुखांनी हातानं लिहून दिलेली यादी सापडली. त्यात तीन ओळी होत्या: स्टोअर एक, स्टोअर दोन, कारभारी. पहिल्या दोन जागांवर माणसं बदलत असत, म्हणून प्रमुखांनी तिथे जागेचं नाव लिहिलं. तिसऱ्या जागेवर बारा वर्षं एकच माणूस, म्हणून त्याचं नाव. श्रीनिवासना तिन्ही पदंच वाटली. तिसऱ्या ओळीसमोर त्यांच्या हातची पेन्सिल होती: म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर. खात्री केली, ऑडिट. आणि पुढे कंसात माझ्या नावाची आद्याक्षरं.

मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "सर, हा कागद पेटीत परत ठेवू का?"

त्यांनी ते कोणत्या अर्थानं विचारलं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी म्हटलं, "नको. झेरॉक्स काढा. तीन."

अहवाल लिहून खैरनार साहेबांकडे नेला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"तुमचं नाव कशाला घातलंत? सल्लागाराची चूक लिहा. तो काही हैदराबादहून उत्तर द्यायला येत नाही."

"त्यांनी विचारलं होतं, साहेब. उत्तर मी दिलं."

"उत्तर चुकलं कुठे? कारभारी म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच ना?"

"तरीपण."

"बरं, ते राहू द्या. बटन तर कुटेंनीच दाबलं?"

"दाबलं. एकसष्ट वेळा. हे गेटचं रजिस्टर, ह्या वेळा. गाडी सोडायला दाबलं. चौदा पुरवठादारांत मेव्हणा एकाकडेच आहे."

"आणि त्या मेव्हण्याचं काय?"

"त्याबाबत काही सापडलं नाही."

अहवालातही मी तसंच लिहिलं होतं: 'नात्यातील व्यक्तीशी संगनमत झाल्याचे सापडले नाही.' संगनमत नव्हतं, असं लिहायला माझ्याकडे पुरावा नव्हता. जे सिद्ध करता येत नाही ते लिहायचं नाही, ही माझी सवय आहे, आणि त्या क्षणीही ती मी मोडली नाही.

बाविसाव्या दिवशी कुटेंचं निलंबन मागे घेतलं. पत्रात 'यापुढे दक्षता घ्यावी' अशी ताकीद होती. मला एक मेमो मिळाला, तो माझ्या फाईलला आहे. सिस्टीममधली सगळी नावं काढून प्रत्येकाला त्याच्या हजेरीचा क्रमांक दिला गेला. कुटे अकराशे सत्तेचाळीस झाले. त्यांना फक्त स्टोअरच्या कारकुनाचे अधिकार उरले. गाडी सोडण्यासाठी मॅडमनी वेगळं बटन करून दिलं, त्यावर 'गाडी' असंच लिहिलं.

पण पत्रानं निलंबन जातं, बाकीचं जात नाही. परतलेल्या पहिल्याच दिवशी वॉचमननं त्यांचा डबा उघडून पाहिला. वीस वर्षांत कधी पाहिला नव्हता. कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी म्हणायचंच, "काय ॲडमिनिस्ट्रेटर, आज कुणाचा माल पास?" दुसरा म्हणायचा, "जपून बोल रे, मेव्हण्याला सांगतील, तुझ्यावरच मुलामा चढवतील." कुटे हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. डबा घेऊन ते रॅकमागे जेवायला बसू लागले. शनिवारची मेथी बंद झाली.

कामाची त्यांची पद्धतही बदलली. आधी ज्यांचा एकही फॉर्म नव्हता, त्यांचे आता दर आठवड्याला चार-पाच येऊ लागले. लाल पट्टी आली तर फॉर्म. पट्टी न येता काम झालं, तरी फॉर्म. "हे बटन मला चाललं. चालायला पाहिजे का, ते लेखी द्या," असं लिहिलेलं असे. माझी सही असल्याशिवाय ते नवीन काही दाबतच नव्हते. स्टोअरचं काम खोळंबे, प्रमुख कुरकुरत. मी प्रत्येकावर सही करत असे.

मार्चअखेरीस एका संध्याकाळी ते असाच एक फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले. खात्यात दुसरं कुणी नव्हतं. फॉर्म माझ्यापुढे ठेवला, पण हात त्यावरच ठेवला.

"साहेब, एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"तुमचा रिपोर्ट वाचला मी. युनियनवाल्यांनी दाखवला. त्या हैदराबादवाल्यांनी तुमाला इचारलं, कारभारी म्हंजी काय. तवा तुमाला खरंच कळलं नव्हतं, त्ये माझं नाव इचारत्यात म्हनून? वीस वर्सं तुमी मला कारभारी म्हनून वळखता. दुसरा कारभारी तर कंपनीत नाय."

"नाही हो, कुटे. जेवता जेवता विचारलं त्यांनी. मला वाटलं, शब्द विचारतात."

"आसं."

ते उभेच होते. माझ्या टेबलावरची वही त्या दिवशी बंद होती, तरी त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी मुद्दाम सांगितलं असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुमी लिवलंय ना, तसंच म्हनतो मी," कुटे म्हणाले. "मला काय सापडलं नाय."

मग त्यांनी फॉर्मवरचा हात काढला आणि कानामागची पेन्सिल काढून सहीच्या जागेवर टेकवली. "हितं करा, साहेब. माझी गाडी चुकंल."